कासरा आणि क्लच

थांबा, थांबा, किक मारू नका! आधी हेल्मेटचा पट्टा लावा, मग किल्ली. आणि किल्ली फिरवण्याआधी माझं जरा ऐकून घ्या. मी शिकाऊ मोटारसायकल बोलतेय. कारंजा लाडच्या बाजाराच्या आवारात दर रविवारी जी पडते, उठते आणि पुन्हा पडते, ती मीच. डाव्या आरशाला तडा, टाकीवर पोचे, मागचा दिवा चिकटपट्टीनं बांधलेला. तुमच्याआधी एकशे चाळीस जणांनी मला आडवं पाडलंय. मला त्याचा रागबिग काही नाही. रागच धरायचा असता, तर पहिल्या मालकावर धरला असता.

माझा पहिला मालक संघदीप. हो, तेच, तुमचे आजचे सर! मी शोरूममधून निघाले तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि मी काळी कुळकुळीत. त्याच्या आईनं मला विहारासमोर उभं करून हार घातला, आणि पोरगा जो सुटला तो सुटलाच. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये, एक हात हँडलवर, दुसरा केसांत. आईनं आणलेलं हेल्मेट मात्र रोज सोबत असायचं. कुठे? कोपरात अडकवलेलं!

एकदा वळणावर बारीक गिट्टी सांडलेली होती. त्यानं पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि आम्ही दोघंही शेतात. डोक्याला तेरा टाके, पायात सळई. कोपराला मात्र खरचटलंसुद्धा नाही.

सात महिने मी गोठ्यात उभी होते. कोंबड्या माझ्या सीटवर झोपायच्या. आई म्हणायची, "इकून टाक ते अवदसा." पण संघदीप काठी टेकत आला, कोंबड्या हाकलल्या आणि टाकीवरून हात फिरवत म्हणाला, "गाडीची चुकी नाई वो माय. मले कोनं शिकवलंच नोतं." तो नागपूरला जाऊन गाडी शिकवण्याचं शिक्षण घेऊन आला, शाळेत कारकुनाची नोकरी धरली आणि रविवारी हा वर्ग सुरू केला. मला दोन्ही बाजूंनी लोखंडी गार्ड लागले. नटण्यामुरडण्याचे दिवस संपले आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

माणसांची मला आता चांगली पारख आहे. सगळ्यांत वाईट कोण चालवतं सांगू? "मले येते, सर!" म्हणणारे. सर पहिले दोन तास मला सुरूच करू देत नाहीत. ढकला, ब्रेक दाबा, पुन्हा ढकला. पोट्टे जांभया देतात, मिशीवर हात फिरवतात. आणि खडूनं काढलेल्या आठच्या आकड्यात शिरले की दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखे फडफडतात. मला हसू येतं, पण मी इंजिनच्या आवाजात ते लपवते.

यंदा जुलैत दुर्गाबाई आली.

वय पंचेचाळीसच्या पुढे. साडीवर नवऱ्याचा शर्ट, पायात नवऱ्याचेच कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला घट्ट खोचलेला. तिचा हात धरून, किंवा खरं म्हणजे तिनं ज्याचा हात धरला होता तो, नवरा गोविंदा. काचबिंदूनं त्याची नजर गेली होती. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. धनजच्या रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. भाजी सकाळी हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, आधी कारंज्यात पोहोचली तर ती भाजी, नाहीतर ढोरांचा चारा. इतकी वर्षं गोविंदा आपल्या मोटारसायकलवर गाठोडी आणायचा. आता ती गाडी ताडपत्रीखाली होती. येस्टीची वेळ जमेना, शेजारचा माणूस मन झालं तर नेई, नाहीतर नाही.

"पोळ्यानंतर मळा ठोक्यानं दुसऱ्याले कसाले देऊन टाकतो म्हनते हे," दुर्गाबाईनं पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं. "मी म्हनलं, पोळ्यापावतर थांबा. मी शिकतो. नाई जमलं तर द्या."

"हे काय शिकते बाप्पा या वयात!" गोविंदा म्हणाला. "हातपाय मोडून घेईन. मंग मले कोन पाहीन?" तो कापूस तोलायच्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्यानं तोंड फिरवलं.

पोळ्याला सहा रविवार होते.

आता खरं सांगते, दुर्गाबाईइतकं मला कुणीच पाडलं नाही. डावीकडं वळायची, धप्प, डावीकडं आडवी. उजवीकडं वळायची, धप्प, उजवीकडं. थांबायचं म्हटलं की दोन्ही हात असे काही ओढायची की मी जागच्या जागी गुडघे टेकायचे. आणि प्रत्येक वेळी पडता पडता तोंडानं, "होऽ! होऽ!"

पण बाई उठायची कशी! शर्ट झटकायची, सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं तशी माझ्याकडं पाठ करून वाकायची, हँडल आणि सीट धरायची आणि पायांच्या जोरावर मला उभी करायची. पोट्टे मदतीला धावले तर म्हणायची, "राहू द्या रे, पाडली मी, उचलीनबी मीच." मला ती आवडायला लागली होती, गार्ड वाकला तरी.

सर बिचारे घसा कोरडा करायचे. "काकू, डाव्या हातात क्लच हाय. क्लच दाबला का इंजिनचा जोर चाकापर्यंत जात नाई. वळनात तो दाबला का गाडी मरते. अन् उजव्या हातात पुढचा ब्रेक. थो वळनात दाबाचाच नाई!"

"समजलं जी सर, समजलं," ती म्हणायची. आणि पुढच्याच वळणावर धप्प.

मला कारण कळलं होतं! तिची बोटं माझ्याच लिव्हरवर होती ना. ती बोटं दाबत नव्हती, ओढत होती. डावीकडं जायचं तर डावं, उजवीकडं जायचं तर उजवं, थांबायचं तर दोन्ही. पण सांगू कुणाला? मला एक हॉर्न दिलाय, तोही घोगरा. जीव नुसता तडफडत होता.

चौथ्या रविवारी ती अकरा वेळा पडली. बाराव्यांदा पडल्यावर उठली नाही. माझ्याशेजारी सिमेंटवर मांडी घालून बसली, हेल्मेट काढलं आणि पदर डोळ्यांना लावला. "नाई जमत जी सर. लिवाले-वाचाले शिकली असती तर जमलं असतं. देऊन टाका मनाव मळा." एवढी धट्टीकट्टी बाई रडताना मला पाहवेना. पेट्रोल गळत होतं माझं, लोकांना वाटलं टाकीचं झाकण ढिलं आहे.

तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. "सर! अवो सर, इकडे या बरं."

गोविंदा उठून उभा होता. चार रविवार त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, पण कान तर होते. "तुमी सारे डोये असून पाहून नाई राह्यले. मी आयकून राह्यलो. इंजिन वळनावर दर बारीनं भर्रकन मोकळं होते, अन् हे होऽ होऽ करते. सर, हे तुमची गाडी नाई चालवून राह्यली. हे बैलं हाकून राह्यली!"

दुर्गाबाईनं आपल्याच हातांकडं पाहिलं.

वीस वर्षं तिनं बैलगाडी हाकली होती. लाल्या आणि पवळ्या. दोन हातांत दोन कासरे. डावा ओढला की जोडी डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं, दोन्ही ओढले की होऽ. लाल्या मागच्या वर्षी म्हातारपणानं गेला, पवळ्या त्याच्यामागं आठ दिवसांत. बैल गेले, पण ओढ बोटांत राहिली होती.

"असं हाय होय!" सर पाय ओढत पळतच आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "काकू, उतारावर पवळ्याचा कासरा तुमी कसा धराच्या?"

"वढला तर बैल अडते, सोडला तर उधळते," ती नाक पुसत म्हणाली. "ढील द्या लागते. थोडी, थोडी. बोटाबोटानं."

"मंग हाच तुमचा क्लच! वढाचा नाई, सोडाचा नाई. ढील द्याची. उजवा हात वळनात लिव्हरवर जाऊच द्यायचा नाई, हळू कराले उजव्या पायाचा ब्रेक. अन् वळाले कासरा लागतच नाई. जिकडे मान फिरवान तिकडे हे जाते."

"बैलापेक्षा शहानी हाय म्हना की," दुर्गाबाई म्हणाली आणि मला उभं केलं. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

तिनं क्लचला ढील दिली. काय सांगू! एकशे चाळीस जणांची बोटं माझ्या त्या लिव्हरवर पडली होती. धसमुसळी, घामेजलेली, घाबरलेली. पण इतकी मऊ ढील मला कुणीच दिली नव्हती. मी माणसाच्या चालीनं निघाले, ना धक्का, ना आचका. तिनं मान डावीकडं फिरवली, मी डावीकडं. उजवीकडं, मी उजवीकडं. आठचा आकडा पुरा झाला तेव्हा ओट्यावरून गोविंदा ओरडला, "एकबी बारीनं मोकळं नाई झालं इंजिन! चालव दुर्गे, चालव!" हाच तो, तोंड फिरवून बसलेला!

"चाल वो पवळे," ती मला म्हणाली. तोवर मला कुणी नाव ठेवलं नव्हतं. नावं ठेवली होती, पुष्कळ.

पुढचा रविवार सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र आणि अलगद कसे दाबायचे त्यात गेला. आणि त्यानंतरच्या गुरुवारी परवान्याची परीक्षा. साहेब खुर्ची टाकून बसले होते. नियम एकच, आठच्या आकड्यात पाय जमिनीला लागला की नापास. दुर्गाबाईच्या आधी सात पोट्टे गेले. पाच जणांचे पाय खाली. रांगेत कुणीतरी खिदळलं, "आता काकू फिरन बाप्पा, बाजूले व्हा!"

काकू फिरली. पहिला गोल पुरा, दुसरा अर्धा, आणि कुठून तरी एक शेळी ऐटीत आकड्यात शिरली. मध्येच उभी! माझं तर काळीजच, म्हणजे कार्ब्युरेटरच, थांबलं. थांबलो तर पाय टेकावा लागणार. दुर्गाबाईच्या तोंडून "होऽ" निघालंच, पण बोटं ओढली गेली नाहीत. उजव्या पायानं ब्रेक जरासा दाबला, डाव्या हाताची ढील बोटभर ठेवली आणि मी मुंगीच्या पावलानं सरकत राहिले. हलत होते, डुलत होते, पण उभी होते. शेळीनं आमच्याकडं एकदा पाहिलं, शेपूट हलवली आणि गेली. दुर्गाबाईनं मान फिरवून गोल पुरा केला.

साहेब खुर्चीतून उठले. "कुठं शिकलात हो एवढं हळू चालवायला?"

"पवळ्यानं शिकवलं जी," ती म्हणाली.

पास! सर ओरडले, खिदळणारेसुद्धा ओरडले, मी माझा घोगरा हॉर्न वाजवला. बरं, वाजवला संघदीपनं, पण मनातून मीच. गोविंदा उठला. चाचपडत आला, तिच्या डोक्यावरच्या हेल्मेटवरून, आरशावरून, माझ्या टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "घरच्या गाडीची ताडपत्री काढ. मळा कोनाले देत नाई मी."

आता दुर्गाबाई रोज सकाळी हर्रासाच्या आधी कारंज्यात असते. पुढे ती, मध्ये सांबाराची गाठोडी, मागे गोविंदा. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, पट्टे लावलेले. लोक हसतात, बाईच्या मागं माणूस बसला म्हणून. तो मागून ऐटीत सांगतो, "दुर्गे, गेर बदल, इंजिन रडून राह्यलं."

आणि आज सकाळची गोष्ट. उद्या पोळा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि त्यांना आवतन देतात. दुर्गाबाईचा गोठा तर रिकामा. ती वाटी घेऊन थेट इथं आली आणि माझ्या हँडलला चोळायला लागली.

"काकू! लोनी लावू नका, हात घसरन कोनाचा!" सर किंचाळले.

"पुसून देतो जी, तुमीबी ना!" तिनं शर्टाच्या टोकानं हँडल लख्ख पुसलं, मग माझ्या आरशाजवळ तोंड आणून म्हणाली, "पवळे, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी लोखंडाची. मला पोट नाही, जीभ नाही. पण वर्षभर ओझं ओढणाऱ्यालाच मिळतं ते आवतन मला मिळालं. विहारासमोरचा तो हार मी केव्हाच विसरले. हे विसरणार नाही.

तर या, बसा आता. पट्टा लावला? मोबाइल खिशात? मग घाबरू नका, पाडलं तरी चालेल, मी आहे. फक्त आज संध्याकाळी मला जरा लवकर सोडा. उद्या मला जेवायला जायचं आहे.