पडला तो मेला

"आज पायदळ मी घेतो," नंदकिशोर म्हणाला.

खंडोजीने चष्म्यावरून पाहिलं. एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी खंडोजीच्या बसवनगुडीतल्या घरी, या पुढच्या खोलीत, खेळातल्या शिपायांची लढाई होत आली होती, आणि एकोणीस वर्षं रोमनांचे जुने वैरी पार्थियन घोडेस्वार नंदकिशोरचे, रोमन पायदळ खंडोजीचं. "घोड्यांचा कंटाळा आला काय अण्णा?" त्याने विचारलं. "सरी, चालेल. घ्या की."

नंदकिशोरचा जीव भांड्यात पडला. विमानांच्या सरकारी कारखान्यात केसाइतकी चूक हुडकण्यात जन्म घालवलेल्या या माणसाचा उजवा हात दिवाळीपासून कापत होता. घोड्यांना दर पाळीला उचलून नाचवावं लागतं. पायदळ बरं, ढाली लावून उभं राहायचं, येईल तो वार झेलायचा. खंडोजीला हाताचं कळलं तर तो कीव करणार, मुद्दाम हरणार, आणि मग रविवारात काय राम उरला? नंदकिशोरला याच एका गोष्टीची धास्ती होती.

टेबलावर शिशाची, अंगठ्याच्या पेराएवढी दीडशे माणसं उभी होती. खंडोजी शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. प्रत्येक घोड्याच्या डोळ्यात त्याने पांढरा ठिपका दिला होता. सकवारबाई, त्याची बायको, कॉफी ठेवून गेली. नंदकिशोरचा एरवी काठोकाठ भरलेला पेला आज अर्धाच होता. त्याने ते पाहिलं आणि विचार झटकून टाकला.

मग खंडोजीने घोडे काढले. हे घोडे लांबून बाण मारतात, पळाल्यासारखं करतात, वळून पुन्हा मारतात. ढालींना भिडणं म्हणजे मरण, आणि एकोणीस वर्षं हाच मार खाल्लेल्या खंडोजीला ते कुणी सांगायला नको होतं. तरी हा बाबा फुटपट्टी लावून सरळ ढालींवर घोडे घालत होता! पहिल्या पाळीला सहा गेले, दुसरीला नऊ.

"हे काय चाललंय खंडोजी?"

"येऊ द्या की. तुम्ही आपले उभे राहा."

उभे राहा. आणि कॉफी सांडू नये म्हणून अर्धा पेला. नंदकिशोरची कानशिलं तापली. याला सगळं ठाऊक होतं. हात उचलावा लागू नये म्हणून हा घोडे दारात आणून देत होता. इतकं लाजिरवाणं जिंकणं नंदकिशोरच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"मी पुढे येतोय," तो म्हणाला.

"कशाला अण्णा? जिंकताय की."

"पाळी माझी आहे."

त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रांगेच्या टोकाचा शिपाई उचलला. चार इंच न्यायचा होता. तीन झाले, मग हात उसळला, शिपाई निसटला आणि शेजारचे चार लवंडले.

"अय्यो!" सकवारबाई दारातून पुढे धावली. "असू द्या अण्णा, मी उभे करते."

पडला तो मेला, हा नियम खुद्द नंदकिशोरचा. खंडोजीच्या सैल बाह्या लागून शिपाई पडायचे, त्याला वैतागून त्याने तो केला होता, आणि त्यावरून दोघांनी आठवडाभर अबोला धरला होता. आता त्याला मान वर करवेना. खंडोजी काय म्हणतो यावरच सगळं होतं.

"हात लावू नको," खंडोजी बायकोला म्हणाला. "पडला तो मेला. पाच गेले अण्णा. फट पडली तुमच्या रांगेत. आता मी सोडणार नाही."

"नकाच सोडू," नंदकिशोर म्हणाला. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटत होतं. "स्वल्प थांबा. आधी मेलेले उचलतो."

पहिला शिपाई दोनदा बोटांतून सुटला. दुसरा डब्याच्या काठाला आपटून पुन्हा टेबलावर आला. पाच शिपाई डब्यात जायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ खंडोजी दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून बसून राहिला.