पुसलेली लेबलं

"अगं, लेबलंच तर गेली! फोटो कुठे गेलेत?" तिचा साहेब ग्रॅहम कॉफी ढवळत म्हणाला, आणि व्हर्नाला त्याची शिसारी आली.

ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या त्या संग्रहालयाने तिच्याच आदिवासी लोकांचे हजारो फोटो क्लाउडवर ठेवले होते. त्यांची रीत अशी, की माणूस गेला की घरचे हो म्हणेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. म्हणून अशा प्रत्येक फोटोला व्हर्नाने 'झाकलेला' हे लेबल लावलं होतं. ते असलं की फोटो पडद्यावर येत नसे. मग ग्रॅहमसाहेबांना खर्च वाचवायची हुक्की आली. जुन्या फोटोंना 'जुना' असं लेबल लाव, म्हणजे ते स्वस्तातल्या साठ्यात जातील, आजच्या आज! नवं लेबल लिहिलं की आधीची सगळी पुसली जातात, हे व्हर्नाला चांगलं ठाऊक होतं. आधीची वाचून घ्यायची, त्यात नवं मिसळायचं, मग सगळी एकत्र लिहायची. पण हा बाबा डोक्यावर बसलेला. तिने वाचायची पायरी गाळली आणि प्रोग्राम चालवला. लेबलांची नक्कल कुणीच ठेवली नव्हती.

आज सकाळी वाचनालयातल्या पडद्यावर ड्युलसी मावशीला तिचा मुलगा दिसला. नाताळात गेला होता तो. बाई तिथेच जमिनीवर बसली.

"कॉम्प्युटरला चेहरे ओळखायला लावू," ग्रॅहम म्हणाला. "फक्त बोभाटा नको."

"कॉम्प्युटरला काय कपाळ कळतंय, कोण जिवंत आहे ते?"

"मग घरच्यांना बोलाव. बघतील, सांगतील."

"त्यांनी बघू नये म्हणूनच लेबल होतं ना! अक्कल गहाण टाकलीस का रे?" व्हर्ना ओरडली आणि तिने सगळा संग्रहच बंद करून टाकला. ग्रॅहमपेक्षा तिला स्वतःचीच जास्त किळस आली. बटण तिच्याच बोटाने दाबलं होतं.

दुपारी मावशी आपणहून आली. व्हर्नाला मान वर करवेना.

"मावशी, शिव्या घाल मला."

"घालीन सवडीने. आधी ते फोटो लाव."

"नको गं. तू कशाला बघतेस?"

"मग काय पोरीबाळींनी बघायचं? मी म्हातारी, मला सगळे ठाऊक. लाव म्हणते ना!"

एकेक चेहरा येऊ लागला. मावशी नाव घेत नव्हती. गेलेलं कुणी दिसलं की नुसती मान हलवायची, आणि व्हर्ना लेबल लावायची. ग्रॅहम दारात डोकावला. "वा, हे झकास झालं!"

"त्याला सांग, दार लावून घे," मावशी म्हणाली. "बाहेरून."

मग शाळेच्या पायरीवर बसून कलिंगड खाणारा एक पोरगा आला, हनुवटीपर्यंत माखलेला. मावशीची मान हलली नाही.

"माझ्या पोराचा हा फोटो मला कुणी दाखवलाच नव्हता," ती म्हणाली.

व्हर्नाने की-बोर्डवरचं बोट मागे घेतलं. मावशीने चष्मा काढला, झग्याला पुसला, पुन्हा लावला.

"हं," मन भरेपर्यंत बघून ती म्हणाली. "झाक आता."