तिसरी बहीण

लहानपणी तिला कोणी काही सांगितलं की तिचा 'का?' ठरलेला. म्हणून थोरल्या मावशीने तिचं नाव पाडलं काबाई. मोठी होऊन ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आनुवंशिक कॅन्सरवर संशोधन करू लागली, तरी घरच्यांच्या तोंडी काबाईच राहिलं.

तिची आई आणि दोन मावश्या एकाच गल्लीत राहायच्या. रविवारी दुपारी तिघी गच्चीवर न्हालेले केस वाळवत बसायच्या. तिघींचं नाक एका साच्यातलं, आवाज इतका सारखा की वरून हाक आली की नेमकं कोण बोलावतंय ते पोरांना कळायचं नाही. थोरली कपडे शिवायची, आई शाळेत शिकवायची, धाकटी टेलिफोनच्या कचेरीत होती. तिघी एकदम बोलायच्या, तरी एकीचाही शब्द दुसरीच्या कानातून निसटायचा नाही.

मग थोरली आतड्याच्या कॅन्सरने गेली, ऐन चाळिशीत. काही वर्षांनी आई गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. लोक म्हणाले, नशीब. डॉक्टर म्हणाले, आजार वेगवेगळे आहेत, संबंध जोडू नका. काबाईचं काही समाधान झालं नाही. ती त्याच प्रश्नामागे शिकत गेली आणि त्यातच तिचे केस पिकायला लागले.

थोरलीचं ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाच्या तळघरात जुन्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे मेणाच्या वड्यांमध्ये जपून ठेवलेले होते. रीतसर परवानगी काढून काबाई तिथे गेली. थोरलीची वडी तिच्या तळहातावर आली तेव्हा दातांत दोरा धरून मशीनवर वाकलेली मावशी तिला इतकी स्पष्ट दिसली, की ती तिथल्याच एका खोक्यावर बसून राहिली.

पेशी वाढताना जनुकांची नक्कल होते, नकलेत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. त्यांतलंच एक थोरलीत जन्मापासून बिघडलेलं निघालं. मग काबाईच्या सहकाऱ्याने तिचं स्वतःचं रक्त तपासलं. तोच बिघाड, त्याच जागी. तो आईकडूनच आलेला असणार. आजार दोन, पण मूळ एकच. सहकारी जपून, हळू आवाजात सांगत होता. काबाईला भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते असं, की आईची एक वस्तू इतकी वर्षं आपल्या अंगात होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

आता राहिली धाकटी मावशी. तिची लेक पस्तिशीला आली होती. मावशीत बिघाड असेल तर लेकीचीही तपासणी करायला हवी होती. काबाईने सगळं समजावून सांगितलं. मावशीने गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, घातलेल्या घड्या पुन्हा मोडल्या. मग म्हणाली, आता सत्तरीत मला हे कशाला?

"घाबरतेस का?" काबाईने विचारलं.

"असेल म्हणून नाही घाबरत," मावशी म्हणाली. "नसेल म्हणून घाबरते. त्या दोघी गेल्या आणि मी मागे राहिले. आमचं सगळं एक होतं गं. आता तुझी ती मशीन सांगणार, ही यांच्यातली नव्हेच."

काबाई मावशीजवळ सरकून बसली. मग मावशीने लेकीचा विषय काढला, आणि रक्त द्यायला आपणहून बाही वर सारली.

अहवालात मावशीचं जनुक ठणठणीत होतं. म्हणजे लेकीलाही तो बिघाड मिळालेला नव्हता. फोनवर लेक आनंदाने रडली. मावशी मात्र दोन दिवस तिघींचे जुने फोटो काढून बसली होती. तिसऱ्या दिवशी तिने काबाईला विचारलं, "तुझ्यात आहे, त्याचं काय करायचं?"

आतडं दरवर्षी दुर्बिणीने तपासायचं आणि गर्भाशय काढून टाकायचं, काबाईने सांगितलं. मावशीने लगेच जाहीर केलं की दोन्हींसाठी मी बरोबर येणार. तुझी आई असती तर आली असती, ती नाही तर मी आहे.

पहिल्याच तपासणीत आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब दिसला. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे कापून काढला. त्याचा पुढे कॅन्सर होऊ शकला असता, आता होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मावशीने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

काबाईची गुंगी पुरती उतरली नव्हती. मावशी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून तिचा हात चोळत होती. बोलता बोलता तिने एक गोष्ट काढली. तिघी शाळेत असताना एका दुपारी एकमेकींचे केस कापायला बसल्या होत्या. काबाईच्या आईने थोरलीची वेणी कानापाशीच उडवली, आणि मग तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून उरलेल्या दोघींनीही आपापल्या वेण्या कापून टाकल्या. आजी घरी आली तर दारात तीन बोडकी ध्यानं उभी.

"हे मला आईने कधी सांगितलं नाही," काबाई जड जिभेने म्हणाली.

"कशी सांगेल? शिक्षिका ना ती," मावशी म्हणाली, आणि काबाईच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत पुढची गोष्ट सांगू लागली.