फरशीवरची रेघ

अणदूरच्या अलीकडच्या आमच्या वाडीत दूध सोसायटीचा सेक्रेटरी मीच आणि दूध तपासणाराही मीच. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. सोसायटीकडून सभासदांना जनावरामागं रोज दोन पेंढ्या कडबा मिळायचा. दूध पातळ निघालं की नावापुढं लाल फुली पडायची. तीन फुल्या पडल्या की सभासदत्व गेलं आणि पेंढ्या बंद. पेंढ्या बंद म्हणजे जनावर बाजारात.

बौद्धवाड्यातल्या मथुराबाईंच्या नावापुढं दोन फुल्या मी मारल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या आल्या त्याच भांडायच्या तयारीनं.

मी त्यांचं दूध नळकांड्यात ओतून त्यात लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजायची काचेची नळी, सोडली. अठ्ठावीस हवं होतं. दुधात पाणी असलं की नळी खोल जाते आणि आकडा उतरतो; ती पंचविसापर्यंत बुडाली.

"पाणी आहे," मी म्हणालो.

"कुठनं आणू पाणी? टँकर तिसऱ्या दिशी येतोय. दोन घागरी मिळत्यात. त्या म्हशीला पाजू का तुझ्या दुधात वतू?"

"मावशी, नळी खोटं बोलत नाही."

"नळी बोलतच न्हाय. तू बोलतूस."

रांगेतले लोक हसले. मागून हरिबा म्हणाला, "आक्का, म्हशीलाच बीएस्सी करा, मंग पटंल ह्यांना."

मला राग आला. "एकदा सांगितलं ना, पाणी आहे."

"म्या बी दोनदा सांगितलं. पैली धार म्या शेजारच्या महादेवीच्या लेकराला देते. तिचं दूध आटलंय. पैली धार पातळ असती, लेकराच्या पोटाला सोसती. मागचं घट्ट दूध तुझ्याकडं आणते. आन् तू त्याला पाणी म्हणतूस! काल दलाल दारात येऊन माझ्या म्हशीचे दात बघून गेला. फुल्यांची बातमी त्याला कुणी दिली?"

त्यांच्या मागं चेअरमन तात्याराव उभे होते. "आवरा की मथुराबाई. नळीनं जे सांगितलं ते लिवा, सेक्रेटरी."

मी लाल पेन उघडलं.

मथुराबाईंनी आपल्या कॅनमध्ये बोट बुडवलं आणि टेबलावरच्या काळ्या शहाबादी फरशीवर एक थेंब सोडला. मग वळून तेच बोट तात्यारावांच्या कॅनमध्ये घातलं.

"ए! हात काढ! दूध बाटवलंस!"

"एकाच टाकीत जातंय की तुमचं नि माझं. तवा बाटत न्हाय का?" त्यांनी दुसरा थेंब पहिल्याशेजारी सोडला. "ए लेकरा, वाकून बघ. वहीकडं न्हाय, फरशीकडं."

फरशीला थोडा उतार होता. त्यांचा थेंब क्षणभर जागच्या जागी फुगून उभा राहिला आणि मग सावकाश खाली निघाला. मागं पांढरी, जाड, कुठंही न तुटलेली रेघ राहिली. खिडकीतून आलेलं तिरकं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि ती ओली रेघ काळ्या दगडावर इतकी सुंदर दिसत होती की पेन माझ्या हातातच राहिलं. तात्यारावांचा थेंब निळसर होता. तो भर्रकन पळाला आणि मागं काहीच उरलं नाही.

अशा रेघा मी सहा महिने रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत होतो.

स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो. दूध जितकं सकस, तितकी नळी खोल बुडते. साय काढून घेतली की ती वर येते; मग पाणी घालून ती नेमकी अठ्ठाविसावर आणता येते. हे मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. तात्यारावांचं दूध सहा महिने रोज अठ्ठावीस भरत होतं, चारा होता तेव्हाही आणि नव्हता तेव्हाही. कुठलंच जनावर असं देत नाही. स्निग्धांश तपासायचं ॲसिड सहा महिन्यांपूर्वीच संपलं होतं, आणि 'मागवतो, मागवतो' म्हणत तेही तात्यारावच टाळत होते.

"आन् चेअरमनच्या घरचं तूप नळदुर्गच्या ढाब्यांवर जातंय," मथुराबाई म्हणाल्या, "ते काय पाण्याचं कढवत्यात?"

या वेळी कुणी हसलं नाही.

मी पेन बंद केलं, दोन बाटल्या भरल्या, लाखेनं बंद केल्या आणि दुधाच्या टेम्पोतून नळदुर्गच्या शीतकरण केंद्रावर गेलो. मथुराबाईंच्या दुधात स्निग्धांश नऊ टक्के निघाला. तात्यारावांच्या दुधात तीन.

दुपारी परत येऊन मी दोन फुल्या खोडल्या आणि खाली सही केली. तात्यारावांच्या नावापुढं पहिली फुली मारली.

"म्होरल्या बैठकीपतोर ऱ्हातूस का बघू," ते एवढंच म्हणाले.

मथुराबाईंच्या दारात जाऊन मी म्हणालो, "मावशी, चुकलो."

"चुकलासच. दोन दिस म्हशीकडं बघून रडले म्या. उद्या धारंला ये. कानानं ऐक, डोळ्यानं बघ. मंग लोकाच्या नावापुढं फुल्या मार."

सकाळी गेलो. नळी सोबत नेली. ती टाकून द्यायचं काही कारण नव्हतं. पहिली धार रिकाम्या भांड्यावर टणटण वाजत पडली. ती पातळ होती. शेवटच्या धारेचा आवाज फेसात मुरत गेला. मी दोन्ही मोजल्या. पहिली एकतीस, शेवटची चोवीस. नळी खरंच खोटं बोलत नव्हती. मीच तिच्या तोंडी भलतं घातलं होतं.

मथुराबाई हसल्या नाहीत. महादेवीच्या लेकराचा गडू त्यांनी माझ्या हातात दिला. "न्हेऊन दे. सांडू नगंस."

गडू पोचवून मी सोसायटीत आलो. रांगेत पहिला कॅन तात्यारावांचा होता. मी नळी बाजूला ठेवली, कॅनमध्ये काडी बुडवली आणि फरशीवर वाकलो.