चार वायसर

वस्तादनं एक डोळा मिटून गाडीकडे पाहिलं, की बाकीच्यांनी टेप गुंडाळून खिशात घालायची, अशी त्या गॅरेजची जुनी रीत होती. दार झुकलंय, चाक बाहेर पळतंय, बंपर सूतभर खाली आहे, असं म्हातारा लांबूनच सांगायचा आणि मोजलं तर नेमकं तेवढंच निघायचं. शंभरदा खरं ठरलेल्या माणसाला एकशे एकाव्या वेळी कोण तपासतं? कुणी तपासलं नाही. आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

गॅरेज आता त्याची सून चालवायची. नवरा गेला तेव्हा तिला पान्यावरचे आकडेसुद्धा कळत नव्हते. आज ती वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून बसली की भले भले कारागीर दोन पावलं मागं सरत. तिची खोड एकच. गॅरेजातून गाडी नेणारा कुणीही असो, किल्ली हातात देण्याआधी ती विचारणार, "झोप झाली का?" ड्रायव्हर लोकांनी त्याची पुरेपूर थट्टा केली होती. एकानं तर 'याची झोप झाली आहे' असं कागदावर लिहून खाली आईची सही आणली होती. तिनं कागद वाचला, पोट धरून हसली आणि तरी विचारलंच. स्वतः मात्र ती चालत्या गाडीत कधी डोळा मिटत नसे.

त्या प्रश्नाचं मूळ वस्तादला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा भल्या पहाटे घरची गोल तोंडाची जुनी पिकअप घेऊन निघाला आणि सरळसोट रस्त्यावर, समोर कुणी नसताना, डाव्या बाजूनं खाली उतरून मोरीवर आदळला. डुलकी लागली, असं सगळे म्हणाले. आदल्या रात्री आठ महिन्यांची पोर दातांनी हैराण होऊन रडत होती. सून तीन रात्रींची जागी होती. तिनं पोर नवऱ्याच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेली. तो निघायची वेळ होईपर्यंत पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. पुढे स्वयंपाकघरात ती आपल्या आईजवळ एकदाच बोलली, "मीच त्यांना झोपू दिलं नाही." भिंतीच्या अलीकडे वस्ताद बसला होता. त्यानं ते ऐकलं आणि तो उठून अंगणात गेला.

कारण त्याला दुसरंही काही ठाऊक होतं.

अपघाताच्या चार वर्षं आधी त्या पिकअपची मूळची चासी, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते तो लोखंडी सांगाडा, गंजून पार गेली होती. वस्तादनं भंगारातून दुसरी निवडली. अर्थातच नजरेनं. गॅरेजात आणून वर केबिन ठेवली, तर मागचा डावा कोपरा बोटभर अधांतरी राहिला. चासीला पीळ होता. ती परत करायची म्हणजे वस्तादची नजर चुकली हे सगळ्या गावाला कळणार. संध्याकाळी माणसं गेल्यावर त्यानं त्या फटीत चार जाड वायसर, भोकाच्या लोखंडी चकत्या, सरकवले आणि बोल्ट आवळला. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभरानं मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी डावीकडे ओढते." वस्ताद म्हणाला, "हात सरळ धर, गाडी सरळ जाईल." थोड्या दिवसांनी पोरानं पुन्हा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तो बोलला नाही. बापापुढे किती बोलणार?

आता अकरा वर्षांनी नातीनं, म्हणजे त्याच पोरीनं, एक दिवस विचारलं, "आई, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काय आहे?" सुनेनं ताडपत्री ओढली, अपघातातल्या त्या पिकअपकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हिला उभी करू या." चासी मोरीवर आदळून वाकली होती, ती बदलायला हवी हे उघडच होतं. सून बोल्ट आणायला बाजारात गेली तेवढ्यात वस्तादनं साखळीनं केबिन उचलली, चार वायसर काढले आणि खिशात टाकले. पुरावा म्हणून आता काही उरलं नव्हतं. वाकडी चासी अपघातानंच वाकली, असं शेंबडं पोरही म्हणालं असतं. सुटलास, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण ते वायसर त्याला फेकवले नाहीत.

दोन दिवसांनी सून आणि वस्ताद, दोघं दुसरी चासी आणायला टेम्पोनं भंगाराच्या आवारात गेली. निघताना सुनेनं टेम्पोवाल्याला विचारलंच. तो म्हणाला, "झाली, वहिनी. स्वप्नातही तुम्हीच विचारत होतात."

आवारात त्याच पिकअपच्या दोन चासी जमिनीवर पडल्या होत्या. एकीला काळा रंग मारलेला, तुळतुळीत. दुसरी तांबूस गंजाची, खुडूक कोंबडीसारखी मातीत रुतून बसलेली.

सुनेनं पिशवीतून दोरी काढली. भंगारवाला हसला. "अहो ताई, वस्ताद असताना दोरी? त्यांची नजर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"खरंच की," म्हणत तिनं दोरी परत ठेवली. "सांगा बाबा, कुठली घ्यायची?"

वस्ताद काळ्या चासीच्या टोकाशी उकिडवा बसला. डोळा मिटला. दोन्ही लांब दांडे पार टोकापर्यंत सरळ धावत गेलेले दिसले. मग गंजकी पाहिली. ती त्याला डावीकडे कलल्यासारखी वाटली.

"काळी," तो म्हणाला.

भंगारवाल्यानं हमालांना हाक मारली. सून वाकून काळ्या चासीवरची धूळ पदरानं पुसत होती. सहज, मायेनं, तवा पुसावा तशी. उद्या आपली पोर हिच्यावर बसणार, असं तिच्या मनात असणार. वस्तादला जुनी चासी आठवली. मागच्या वेळीही आपल्याला असंच सरळ दिसलं होतं.

"थांबा रे," तो म्हणाला. "दोरी लाव."

"बाबा, तुम्ही पाहिलंत ना?"

"म्हणून तर म्हणतो, लाव."

मोजायची पद्धत साधी. या कोपऱ्यातल्या भोकापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या भोकापर्यंत दोरी ताणायची, गाठ मारायची आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांना लावायची. दोन्हीकडे गाठ भोकावर आली तर चासी खरी. एक टोक सुनेनं धरलं, एक वस्तादनं. काळ्या चासीवर गाठ दोन बोटं अलीकडेच राहिली. गंजकीवर ती नेमकी भोकावर येऊन बसली.

"दोन बोटांचं काय घेऊन बसलात!" भंगारवाला म्हणाला. "कोपऱ्यात चार वायसर टाका, केबिन बसली म्हणजे झालं. सगळे तेच करतात."

"सगळे करत असतील," सून ताडकन म्हणाली. "आमच्याकडे चालत नाही. आमच्या बाबांनी उभ्या जन्मात वाकड्यावर वायसर टाकून गाडी दिली नाही. ती गंजकी काढा."

हे ऐकवलं नाही म्हाताऱ्याला. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. त्यानं खिशात हात घातला आणि चारही वायसर तिच्यापुढे धरले.

"हे कशाला आणलेत?" ती म्हणाली.

"आपल्या पिकअपचे आहेत. केबिनखालून काढले. मागचा डावा कोपरा."

"अपघातात..."

"अपघाताच्या आधी चार वर्षं मी घातले होते. चासी मीच निवडली होती, अशीच, नजरेनं. वाकडी निघाली. सांगायची लाज वाटली मला. तो म्हणाला होता, गाडी डावीकडे ओढते. दोनदा म्हणाला. मी त्यालाच दटावलं."

सुनेनं दोरी सोडली नव्हती. "म्हणजे ते झोपले नव्हते?"

"ते मला कसं ठाऊक असणार, बाळ? गाडी ओढत होती, एवढं ठाऊक आहे."

"त्या रात्री मी पोरीला त्यांच्या हातात दिलं," ती हळू म्हणाली. "आणि झोपले."

"माहीत आहे मला."

तिनं मान वर केली. "माहीत होतं? मी ते मनात धरून बसलेय, हे माहीत होतं तुम्हाला?"

"आईजवळ बोललीस ते ऐकलं होतं."

"आणि गप्प बसलात? अकरा वर्षं?"

"गप्प बसलो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. घेत नाही ती. वस्तादला तिथंच उभं राहावं लागलं. सुनेनं त्याच्या तळहातावरून वायसर उचलले, काळ्या चासीच्या दांड्यावर जाऊन बसली आणि एकेक वायसर अंगठ्यानं घासून पाहत राहिली. रडली नाही. भंगारवाल्यालाही एकदाची अक्कल आली. तो हमालांना घेऊन लांब गेला.

बऱ्याच वेळानं ती उठली. "गंजकी चढवा," तिनं हाक दिली. मग वस्तादकडे न बघता म्हणाली, "पोरीला हे तुम्ही सांगायचं. आज, घरी गेल्यावर. मी नाही सांगणार."

"सांगतो."

टेम्पोत ती खिडकीशी बसली, म्हातारा मधे. टेम्पोवाला किल्ली लावून थांबला. वाट पाहिली आणि शेवटी त्यालाच राहवेना. "वहिनी, आज विचारलं नाहीत?"

"काय?"

"झोप झाली का ते."

"झालीच असेल," ती म्हणाली आणि काच वर केली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मागं चासी खडखडत होती. थोड्या वेळानं टेम्पोवाला कुजबुजला, "वस्ताद, वहिनी झोपल्या की काय?"

झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, वायसर मुठीत. प्रत्येक खड्ड्यात तिचं डोकं काचेवर हलकं आपटत होतं. डोक्याच्या आणि काचेच्या मधे हात धरावा असं वस्तादला फार वाटलं, पण तो हक्क आता आपला राहिलेला नाही, हे त्याला कळत होतं.

"हळू चालव," तो म्हणाला आणि घर येईपर्यंत रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघत जागा बसला.