पितळी पाटी आणि रिकामे कप्पे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे, आणि मी भयंकर चिडलेलो आहे. मला आइस्क्रीमचा फ्रीझर समजू नका. क्लीव्हलँडच्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात, कर्करोगावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत माझा जन्म गेला. माझ्या पोटात अशी थंडी असायची, की तुमच्या घरचा फ्रीझर माझ्यापुढे चूल वाटावा. आज मी इमारतीच्या मागे भंगाराच्या गाडीची वाट बघत उभा आहे. पण बोलल्याशिवाय मी जाणार नाही.

मी आलो तेव्हा डॉ. ओडेट ब्रॅनिगन नुकतीच इथे रुजू झाली होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या स्वादुपिंडाच्या गाठींचे तुकडे ती बोटाएवढ्या नळ्यांत भरून माझ्या हवाली करायची. प्रयोगशाळेची व्यवस्था टेरन्स हेवूड बघायचा. माझ्या दाराच्या कडेवरचा बर्फ खरवडताना तो म्हणायचा, "काय म्हाताऱ्या, पुन्हा दाढी वाढवलीस?" तेव्हा माझा मोठा मान होता. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे.

सगळ्यात मौल्यवान तुकडा होता रूथॅन सोबचाकचा. रूथॅन बेकरीत काम करणारी बाई. तिच्या बहिणीला या रोगाने वर्षाच्या आत नेलं. रूथॅन मात्र तशीच गाठ काढल्यावर ठणठणीत राहिली. का राहिली? ते कोडं त्या तुकड्यात होतं. दर नाताळाआधी ती बटाट्याच्या पिएरोगींचा, म्हणजे पोलिश करंज्यांचा, डबा घेऊन यायची आणि माझ्या दारावर थाप मारायची. "काय गं डॉक्टरीणबाई, माझा तुकडा बरा आहे ना? उकडत नाही ना त्याला?"

यंदा ती नाताळाची वाट न बघता आधीच आली, रिकाम्या हाताने, आणि तिने हसत विचारलं नाही. तिच्या मुलीला, जनीनला, तशीच गाठ निघाली होती. "ओडेट, आता घाई कर गं," एवढंच ती म्हणाली.

घाई कशी करणार? त्याच सुमारास माझी छाती भरून यायला लागली होती. थंडी टिकेना, धोक्याचा भोंगा वाजू लागला. आणि इथून माझा राग सुरू होतो, मित्रांनो! सरकारी अनुदानवाले म्हणाले, "यंत्राची डागडुजी संस्थेने करावी." संस्था म्हणाली, "तुमच्या अनुदानातून करा." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! नवी कल्पना आणा, पैसे घ्या. जुनं सांभाळायचंय? मग बसा बोंबलत.

उरला देणग्या देणारा वेदरबी कुटुंबाचा ट्रस्ट. त्यांची मंडळी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळा बघायला येणार होती. टेरन्स म्हणाला, "डॉक्टर, तोवर सगळ्या नळ्या खालच्या मजल्यावर डॉ. लिंडक्विस्टच्या प्रयोगशाळेत हलवू. त्याचा नवा फ्रीझर रिकामा आहे."

"वेडा आहेस का? त्याचाही अर्ज याच ट्रस्टकडे आहे. आपला फ्रीझर आजारी आहे हे त्याला कळलं, तर उद्या सगळ्या इमारतीत बोभाटा होईल. कोण देईल मग आपल्याला पैसे?"

"अहो, पण नळ्या गेल्या तर पैसे घेऊन काय लोणचं घालायचंय?"

"टेरन्स, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन दिवस कळ काढ."

ओडेट वाईट बाई नाही. पण दारोदार पैसे मागून मागून तिला शेजारी दिसेनासा झाला होता, फक्त प्रतिस्पर्धी दिसत होता.

पाहुण्यांपुढे आजारपण उघडं पडू नये म्हणून तिने स्वतःच्या हाताने माझा भोंगा बंद केला. मंडळी आली. दार उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली. श्रीमती वेदरबी टाळ्या पिटत म्हणाल्या, "अय्या, ढग! पुन्हा उघडा ना, फोटो हलला माझा." पुन्हा उघडलं. मग आणखी एकदा, नातवासाठी. माझा जीव कासावीस झाला. ओरडणार कसा? दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "दुरुस्ती कशाला? दुरुस्तीवर पाटी कुठे लावणार? आम्ही नवाच देऊ."

संध्याकाळी टेरन्स आईकडे टोलीडोला निघाला. "भोंगा मी चालू करते, तू जा," ओडेट म्हणाली. मग ट्रस्टच्या शंकांना उत्तरं लिहीत बसली, आणि भोंगा विसरून तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी लोक घरोघरी सणाची टर्की कापत होते तेव्हा माझा श्वास थांबला.

सोमवारी टेरन्सने दार उघडलं आणि ओरडून ओडेटला बोलावलं. माझ्या पायाशी पाण्याचं थारोळं होतं. ओडेटने एकेक नळी हातात घेऊन पाहिली; सगळ्या वितळून वाया गेल्या होत्या. रूथॅनची नळी तिने मुठीत धरली आणि ढसाढसा रडली. गलका ऐकून लिंडक्विस्ट वर आला. "अगं ओडेट, दोन कप्पे मागायचे होतेस की! माझे रिकामेच पडलेत."

नाताळाआधी ट्रस्टचा चकचकीत फ्रीझर आला. त्याच्यावर पितळी पाटी होती, आत काही नव्हतं. मी अजून कोपऱ्यात होतो. रूथॅन डबा घेऊन आली आणि ओडेटने तिला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

रूथॅनने त्या पाटीवरून बोट फिरवलं. "माझ्याकडे दुसरा तुकडा नाही गं," ती म्हणाली. डबा तिने माझ्या डोक्यावर आदळला. "मंगळवारी जनीनचं ऑपरेशन आहे. तिचा तुकडा तुलाच द्यायचं तिने कबूल केलंय. मी तिला नको म्हणू की हो म्हणू?"

ओडेटने नव्या फ्रीझरच्या दाराला हात लावला.

"कुठे ठेवशील, ते सांग," रूथॅन म्हणाली.

"अर्धा इथे. अर्धा खाली, लिंडक्विस्टकडे."

"त्याला विचारलंस?"

"नाही."

"मग चल, माझ्यासमोर विचार. लाज वाटली तर वाटू दे."

दोघी जिना उतरून गेल्या. पिएरोगींचा डबा माझ्या डोक्यावर तसाच राहिला.

मित्रांनो, गाडी आली आहे. नव्या वस्तूवर नाव कोरायला सगळे धावतात. जुन्या वस्तूच्या पोटात काय आहे ते आधी बघा. आणि तुमच्या आसपास कुणी माझ्यासारखा ओरडत असेल, तर पाहुण्यांसाठी त्याचं तोंड दाबू नका. तो स्वतःसाठी ओरडत नसतो.