सृष्टीची कॅसेट

मित्रांनो, नाशिकच्या एका कॉलेजात फ्रेंच आणि जर्मनच्या वर्गात कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर दिसेल. तो मी. माझं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे, हे मी सहज सांगतो. पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते.

मी नवाकोरा आलो तेव्हा माझ्याबरोबर कॅसेटींचा एक खोका होता. एका कॅसेटमध्ये पॅरिसच्या स्टेशनावर कुणी तिकीट मागायचं, दुसरीत एक जर्मन आजोबा संथ आवाजात कविता म्हणायचे. संध्या मॅडम सकाळी जर्मन शिकवत आणि दुपारी फ्रेंच. "माझं नको, याचं ऐका. याचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत," असं त्या मुलांना म्हणाल्या की मी फुशारून जायचो. पुढे मोबाईल आले. मी अडगळीत गेलो. कधी कुणी लावलंच, तर मी टेप चावून टाकायचो आणि मुलं वैतागायची.

मग सृष्टी आली. निफाडजवळच्या गावाहून एसटीने यायची, फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला होती. एकदा ती मॅडमना म्हणाली, "मॅडम, मला माझाच आवाज ऐकायचाय. कुठं चुकतं ते कळत नाय. घरी मोबाईल एकच हाय, तो वडिलांकडं असतो."

मॅडमनी तिला कोरी कॅसेट दिली. रोज वर्ग सुटल्यावर ती माझ्यासमोर बसायची, वाचायची, ऐकायची आणि पुन्हा तीच कॅसेट पहिल्यापासून भरायची. फ्रेंचमधला 'र' घशातून काढताना तिला ठसका लागायचा आणि ती स्वतःच हसायची. कितीतरी वर्षांनी कुणाला माझी गरज लागली होती.

कॉलेजच्या पालक मेळाव्याच्या आदल्या दिवशी धडा होता 'माझी आई'. अडखळत तिने सांगितलं की आईचं नाव कुसाबाई, ती द्राक्षं पॅक करायला जाते. मग ती थांबली. बटण बंद न करताच मराठीत हळूच बोलली, "मेळाव्याला पालकांना बोलवलंय. मी आईला सांगणार नाय. ती लय मोठ्यानं बोलती. सगळे हसतील. मला लाज वाटती तिची." मग माझ्याकडेच बघून तिने विचारलं, "मी वाईट हाय का?"

तिने बटण बंद केलं, कॅसेट खोक्यात ठेवली आणि बस गाठायला पळाली.

मेळाव्याच्या दिवशी कुसाबाई आली. मॅडमनी सगळ्यांच्या घरी फोन केले होते, हे सृष्टीला ठाऊक नव्हतं. द्राक्षांची पेटी मांडीवर घेऊन कुसाबाई शेवटच्या रांगेत बसली. मला सभागृहात नेलं होतं, आणि कॅसेटवरची जुनी गाणी लावायचं काम सृष्टीच्याच वर्गातल्या विहंगकडे होतं. वर्गात त्याचं फ्रेंच सगळ्यांत चांगलं. कॅसेटी तपासताना त्याने सृष्टीच्या कॅसेटची सुरुवात तेवढी ऐकली होती, तो ठसका आणि ते अडखळणं. "जरा गंमत," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

सभागृह हसलं. मॅडमही तोंडावर हात ठेवून हसल्या. आणि मग ती मराठी वाक्यं आली. मित्रांनो, इतक्या कॅसेटी मी चावल्या, त्या दिवशी मात्र एकदाही अडकलो नाही. प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. विहंगने घाईघाईने मला बंद केलं, तोवर सगळं बोलून झालं होतं.

कुसाबाई उभी राहिली. "बंद का केलं?" ती मोठ्याने म्हणाली. "पहिलं ते पुन्हा लावा ना. माझी पोर त्या भाषेत कशी बोलती, मला कधी ऐकायलाच मिळालं नाय."

बटणाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. सृष्टी बाजूच्या दाराने पळाली. कुसाबाई तिच्यामागे गेली. पेटी खुर्चीवरच राहिली.

पंधरा दिवस सृष्टी आली नाही. मॅडम आणि विहंग तिच्या घरी जाऊन आले. विहंग वर्गात खालमानेने म्हणाला, "मी माफी मागितली. ती म्हणाली, बटण तू दाबलंस, पण बोलले मीच होते."

मॅडमनीही सगळ्या वर्गासमोर कबूल केलं, "मी हसले. मी हसायला नको होतं."

मग एका दुपारी सृष्टी आली, आईला घेऊन. तिला माझ्यासमोर बसवून म्हणाली, "बोल आई. रोज काय करती ते सांग."

"या डब्यात बोलू?" कुसाबाई हसली. मग तिच्या नेहमीच्या खड्या आवाजात सुरू झाली, "घड देठाला धरायचा. मण्याला बोट लावायचं नाय. लावलं का त्याच्यावरची पांढरी झाक जाती."

सृष्टी एकेक वाक्य फ्रेंचमध्ये म्हणू लागली. 'देठ' शब्दाशी अडली. शब्दकोश उघडला, पानं उलटली, आणि मध्येच पानावर बोट ठेवून म्हणाली, "आई, मी तसं बोलायला नको होतं."

"बोललीस ते बोललीस," कुसाबाई म्हणाली. "आता देठाला काय म्हणत्यात ते बघ."

मित्रांनो, त्या सगळ्यांनी आपापली चूक बोलून दाखवली. राहिलो मी. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी चारचौघांत ओरडून सांगितली, आणि माफी मागायला माझ्याजवळ स्वतःचा एक शब्द नाही. जे कुणी भरेल तेच मी बोलतो. तुमचं तसं नाही. कुणाचा आवाज तुमच्या हाती आला तर तो जपा, आणि कधी चुकलातच, तर बोला.